मार्टिनस बायेरिंक

मार्टिनस विलेम बायेरिंक (१६ मार्च, इ.स. १८५१, ॲम्स्टरडॅम – १ जानेवारी, इ.स. १९३१, गोर्सेल) हे डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हवेतील नत्र पिकांना उपलब्ध करून देणाऱ्या मातीतील जिवाणूंवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. भातशेतीत वापरल्या जाणाऱ्या ॲझोस्पिरिलम या जिवाणू खताचे मूळ त्यांच्या संशोधनात आहे.

जीवन

वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्यामुळे बायेरिंक यांचे बालपण आर्थिक ओढाताणीत गेले. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यालयातून ते १८७२ मध्ये पदवीधर झाले. पुढे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळवणारे व्हान्ट हॉफ हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. वनस्पतींवरील गाठींच्या अभ्यासासाठी लायडन विद्यापीठाने १८७७ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. वागेनिंगेन येथे अध्यापन केल्यानंतर १८८५ मध्ये ते डेल्फ्टमधील यीस्ट व मद्यार्क कारखान्यात संशोधक म्हणून रुजू झाले. १८९५ ते १९२१ या काळात ते डेल्फ्ट येथे प्राध्यापक होते. ते आजन्म अविवाहित राहिले. विद्यार्थ्यांशी त्यांचे वागणे अत्यंत कठोर असे.

संशोधन

शिंबावर्गीय पिके हवेतील नत्र वापरतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ यांनी दाखवले होते. त्या पिकांच्या मूळगाठींतील जिवाणू बायेरिंक यांनी १८८८ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हेच जिवाणू पुढे रायझोबियम म्हणून ओळखले गेले.

यजमान वनस्पतीशिवाय नत्र स्थिर करणारे जिवाणू शोधण्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती योजली. नत्रसंयुगे नसलेल्या पोषक द्रावणात त्यांनी माती मिसळली. अशा द्रावणात हवेतील नत्र वापरू शकणारे जीवच भरभराटीस येतात. या पद्धतीने १९०१ मध्ये त्यांना ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्यापूर्वी १८९८ मध्ये तंबाखूच्या केवडा रोगाचे कारण जिवाणूंहून निराळे असल्याचे दाखवून त्यांनी विषाणुशास्त्राचा पाया घातला होता.

निवृत्तीनंतर १९२५ मध्ये त्यांनी स्पिरिलम लिपोफेरम या नागमोडी जिवाणूविषयी लेख प्रसिद्ध केला. हा जिवाणू खरोखर नत्र स्थिर करतो का, याची त्यांना पूर्ण खात्री नव्हती. त्यामुळे लेखाच्या शीर्षकातच त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले. पुढे सुमारे अर्धशतक हा जिवाणू दुर्लक्षित राहिला. १९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर व सहकाऱ्यांना तो गवतवर्गीय वनस्पतींच्या मुळांशी आढळला. १९७८ मध्ये त्याला ॲझोस्पिरिलम हे प्रजातिनाम मिळाले.

भातशेतीतील महत्त्व

भाताच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येत नाहीत, त्यामुळे मुळांभोवती राहणारे जिवाणू या पिकाला उपयुक्त ठरतात. ॲझोस्पिरिलम कमी प्राणवायूत नत्र स्थिर करते. त्याने स्रवलेल्या वाढप्रेरक द्रव्यांमुळे मुळांचा विस्तारही वाढतो. बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळून किंवा लावणीपूर्वी रोपांची मुळे त्याच्या द्रावणात बुडवून हे खत दिले जाते. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवतात, कारण कडक उन्हात जिवाणू मरतात. जिवाणू खतामुळे रासायनिक नत्राची गरज काही अंशी कमी होते, मात्र ती पूर्णपणे भागत नाही.

सन्मान

सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्यासाठी १९०५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक देण्यात आले. डेल्फ्टमधील त्यांची परंपरा आल्बर्ट क्लुइव्हर यांनी पुढे चालवली.