लूर्दची बर्नादेत

फ्रान्सच्या दक्षिणेस लूर्द गावी इ. स. १८४४ मध्ये एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी बर्नादेत सुबीरू हिचा जन्म झाला. पुढे धंदा बुडाला व कुटुंबास जुन्या तुरुंगाच्या कोंदट खोलीत राहावे लागले. मुलीस दम्याचा विकार. चौदाव्या वर्षीही तिला धड वाचता येत नसे.

ता. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती सरपण वेचावयास गेली असता नदीकाठच्या गुहेत तिला एक शुभ्रवसना स्त्री दिसली. अशी अठरा दर्शने झाली. पोलिसांनी दरडावले, तरी तिचा जबाब बदलला नाही. गावच्या धर्मगुरूंनी त्या स्त्रीचे नाव विचारावयास सांगितले. २५ मार्च रोजी, आपण निष्कलंक गर्भसंभव आहोत, असे तिला उत्तर मिळाले. त्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. विसरू नयेत म्हणून ती ते वाटभर घोकीत गेली. आमच्या मते या अजाणपणातच तिच्या साक्षीचे बळ आहे.

तो अर्थ पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतो. ८ डिसेंबरचा सण ख्रिस्ताच्या गर्भसंभवाचा नव्हे. मरिया स्वतः मातेच्या उदरी आली त्या क्षणापासूनच, ख्रिस्ताच्या पुण्याईने, मूळ पापापासून अलिप्त राखली गेली, हा कॅथलिक विश्वास होय. पोप नववे पायस यांनी १८५४ साली तो धर्मसिद्धांत म्हणून घोषित केला होता.

लोकांनी देऊ केलेले पैसे बर्नादेतने नाकारले. पुढे नव्हेरच्या मठात रुग्णसेवा करून १८७९ मध्ये तिने देह ठेवला. तिला संतपद मिळाले ते १९३३ साली, ८ डिसेंबर रोजीच.