एन्रिको फर्मी आणि उशिरा येणारे न्यूट्रॉन

पंगतीला उशिरा येणाऱ्यांवर आपण रागावतो. अणुभट्टी मात्र माणसाच्या ताब्यात राहते ती उशिरा येणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांमुळेच. त्यांच्या भरवशावर जगातली पहिली अणुभट्टी चालवली ती एन्रिको फर्मी यांनी.

फर्मींचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. वडील रेल्वेत, आई शिक्षिका. थोरला भाऊ जूलिओ एका किरकोळ शस्त्रक्रियेत दगावला तेव्हा एन्रिको तेरा वर्षांचे होते. त्या दुःखात त्यांनी पुस्तकांचा आधार घेतला आणि पंचविशीत ते रोमला प्राध्यापक झाले. आपले होमी भाभाही तरुणपणी त्यांच्याकडे जाऊन आले होते. अस्थिर अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्या ‘बीटा ऱ्हासा’चा सिद्धांत फर्मींनीच मांडला. १९३८ मध्ये नोबेल मिळाले. पत्नी लॉरा ज्यू, आणि मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केलेले. पारितोषिक घ्यायला म्हणून स्टॉकहोमला गेलेले हे कुटुंब परस्पर अमेरिकेला गेले.

१९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या रिचर्ड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांना एक गंमत दिसली. युरेनियमवरचा मारा थांबवल्यावरही मोजयंत्र काही काळ न्यूट्रॉन टिपतच होते! युरेनियम फुटल्यावर उरणारे काही तुकडे आधी बीटा ऱ्हास पावतात आणि मगच न्यूट्रॉन सोडतात. ब्रोमीनच्या एका प्रकाराचा अर्धायुष्यकाल तर सुमारे ५५ सेकंदांचा. हजारात असे न्यूट्रॉन जेमतेम सहा-सात. पण तेवढ्यांनी साखळी संथ होते आणि दांडा आत ढकलायला माणसाला सवड मिळते. सगळेच न्यूट्रॉन तत्क्षणी आले असते तर भट्टी आवरणे महाकठीण झाले असते.

२ डिसेंबर १९४२. शिकागोच्या एका क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्जाखाली, स्क्वॉशच्या जागेत, ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम यांचा ढीग रचलेला. फर्मी कॅडमियमचा दांडा थोडा थोडा बाहेर काढायला सांगत, मोजयंत्राचे आकडे पाहत आणि सरकपट्टीवर गणित करत. सगळ्यांचा श्वास रोखलेला असताना त्यांनी शांतपणे जेवणाची सुट्टी जाहीर केली! दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. शक्ती केवळ अर्धा वॉट. मंडपातल्या माळेतला एखादा बारका दिवा लागेल एवढी. अठ्ठावीस मिनिटांनी त्यांनी ती बंद करवली. गणित पक्के असल्याशिवाय एवढी शांती येत नाही.

पुढे अणुबाँबच्या कामातही ते होते, हे झाकण्यात अर्थ नाही. १९४९ मध्ये मात्र हायड्रोजन बाँबला त्यांनी लेखी विरोध नोंदवला.

१९५४ मध्ये पोटाचा कर्करोग निघाला. इस्पितळात नळीतून अन्नरस चढत होता, आणि फर्मी हातात घड्याळ धरून थेंब मोजत, प्रवाहाचा वेग काढत पडले होते. २८ नोव्हेंबरला ते गेले. वय ५३.