दारावर निजून घरी आलेले सर्जन

हॉस्पिटलच्या केसपेपरवर कधी कधी ‘पॉट्स स्पाइन’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मणक्यांचा टीबी. यातला पॉट हा माणूस. पर्सिव्हल पॉट, अठराव्या शतकातले लंडनचे सर्जन.

त्यांचा जन्म १७१४ चा. वडील लवकर गेले. नात्यातल्या एका बिशपनी घराला हात दिला. मुलगा चर्चच्या सेवेत जाईल अशी घरच्यांची अपेक्षा, पण याचं मन शस्त्रक्रियेत. तेव्हा लंडनमध्ये सर्जन आणि न्हावी यांचा संघ एकच होता, यावरून त्या पेशाची पत ओळखा! १७२९ मध्ये पर्सिव्हल सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या एडवर्ड नोर्स यांच्या हाताखाली उमेदवारीला लागला. वीस वर्षांनी, १७४९ मध्ये, ते त्याच हॉस्पिटलचे सर्जन झाले.

जानेवारी १७५६. बेचाळिशीतले पॉट ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. लोक उचलायला धावले, तर त्यांनी हातच लावू दिला नाही. कडाक्याच्या थंडीत तसेच रस्त्यावर पडून राहिले आणि मेणा वाहणाऱ्या दोन भोयांना दांडे घेऊन बोलावलं. दरम्यान जवळपास एक दार विकत घेतलं, त्याला ते दांडे ठोकून घेतले, आणि त्या दारावर निजून लंडन ब्रिजवरून घरी आले. मोडलेल्या हाडाला हिसके बसले की त्याची टोकं आतल्या रक्तवाहिन्या फाडतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

घरी सर्जन जमले. जंतुनाशक नाही, भूल नाही. हाड बाहेर आलं की पाय कापायचा, हाच तेव्हाचा रिवाज. पॉट स्वतःही तयार झाले. हत्यारं मांडली गेली. तेवढ्यात त्यांचे गुरू नोर्स पोचले. त्यांनी पाय नीट तपासला आणि वाचवता येईल असं ठरवलं. पाय वाचला.

गंमत म्हणजे ‘पॉट्स फ्रॅक्चर’ हे नाव घोट्याजवळच्या वेगळ्याच मोडीला आहे. तिचं वर्णन त्यांनी १७६८ च्या पुस्तकात केलं. मोडलेला पाय जोर लावून ताणण्यापेक्षा गुडघ्यात वाकवावा, म्हणजे स्नायू सैल पडतात आणि हाड जागेवर बसवता येतं, हा त्या पुस्तकातला मुख्य मुद्दा. धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे कॅन्सर होतो, हे १७७५ मध्ये त्यांनीच दाखवलं. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

मणक्यांवरचं पुस्तक १७७९ चं. पाठीला कुबड येतं आणि हळूहळू पाय लुळे पडतात, असे रुग्ण, त्यांत बरीचशी मुलं, ते पाहत होते. कणा वाकला म्हणून पाय गेले, तेव्हा तो पट्ट्यांनी आणि लोखंडी साच्यांनी सरळ करा, असा समज होता. पॉट म्हणाले, वाक हा परिणाम आहे. मूळ रोग मणक्याच्या हाडात आहे. हाड पुढच्या बाजूने कुजतं, खचतं, म्हणून पाठ बाहेर येते. साचे घालून लेकरांचे हाल होतात, बाकी काही नाही. त्यांचा स्वतःचा उपाय मात्र आज वाचवत नाही. कुबडाच्या दोन्ही बाजूंना डाग देऊन ते जखमा करत आणि त्या वाहत्या ठेवत. जे बरे झाले ते अंथरुणातल्या विश्रांतीमुळे झाले असावेत, असं मला वाटतं. हाड कुजवणारा जंतू कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये.

हा आजार आपल्याकडे अजून आहे. हाडांच्या टीबीत सगळ्यांत जास्त वेळा मणकेच सापडतात. कित्येक आठवडे न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन. आणि आपण? बाम चोळतो, पाठ चोळून घेतो, नस चढली म्हणतो. पायांतली शक्ती जायच्या आत निदान झालं तर बहुतेकांना गोळ्यांनीच बरं वाटतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फक्त वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ, न चुकता घ्याव्या लागतात.

पॉट १७८७ मध्ये हॉस्पिटलमधून निवृत्त झाले, पण रुग्ण पाहणं सुटलं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या थंडीत लंडनबाहेरच्या एका रुग्णाला बघून आले, ते तापानेच पडले. २२ डिसेंबर १७८८ ला, नाताळच्या तीन दिवस आधी, ते गेले.