फॉर्मवरचं नाव

सेकंड इयरला शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, मेसवाल्या काकांची उधारी वाढली आणि मी ‘कमवा व शिका’चा फॉर्म भरला. काम लायब्ररीत. पुस्तकं पुसायची, रॅकवर लावायची. वर्गातलं कुणी आलं की मी मागच्या रॅकआड सटकायचो. खोटं कशाला सांगू, लाज वाटायची! योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे, एवढंच माहीत होतं. एक दिवस पुसता पुसता त्यांचं चरित्रच हातात आलं आणि त्या दिवशी बरीच पुस्तकं पुसायची राहिली.

जन्म 22 सप्टेंबर 1887, कुंभोजचा. शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात. तिथे अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले म्हणून आंघोळ करा असं फर्मान निघालं. पठ्ठ्याने नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं! आसरा दिला तो शाहू महाराजांनी. मॅट्रिक काही झाली नाही (केटीवाल्यांनो, ऐका!). पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. मला वाटतं, पोरं शाळेत का जात नाहीत हे त्यांना याच फिरतीत कळलं असावं. घरात दाणा नाही, आणि शहरात राहायला जागा नाही.

1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत! गावागावांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. तरी भागायचं नाही. कर्मठ घरातून आलेल्या लक्ष्मीबाई या पोरांचं आईसारखं करायच्या. दागिने आधीच मोडले होते, शेवटी मंगळसूत्रही पोरांच्या जेवणासाठी गेलं. 1930 मध्ये त्या गेल्या. अण्णांच्या नावाची योजना आहे, पण तिच्यातला हा वाटा कुठल्या फॉर्मवर छापलेला नाही, हे मला खटकतं.

पोरांना फुकट मात्र काही नव्हतं. शेतात राबायचं, खडी फोडायची, इमारतीच्या कामाला हात लावायचा आणि शिकायचं. कष्टाच्या बदल्यात शिक्षण. मग कुणाचे उपकार नाहीत, मान खाली घालायचं कारण नाही. याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. 1959 साली पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णा गेले.

आमचं मानधन तसं तुटपुंजंच, मेसचं बिलसुद्धा पुरतं भागत नाही. ते वाढायला हवं, आणि तसा अर्ज आम्ही चौघांनी दिलाय. परवा रूममेट लायब्ररीत आला. मी रॅकआड गेलो नाही. त्याला थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक हवं होतं, ते मीच काढून दिलं.