पगारावर पाणी सोडणारा पाळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले १८६१ साली, कोकणातल्या करजगावी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत, तेव्हाच्या अहमदनगरात ते पाळक झाले. मंडळीची सुखदुःखे वाहताना एक प्रश्न त्यांना सलत राहिला: परदेशी पैशावर चालणारे चर्च इथल्या माणसाला आपले कसे वाटावे? उपासनेसाठी त्यांनी अभंगाच्या वळणाची भजने रचली. तेवढ्याने भागेना. १९१७ साली, उतारवयात, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. दरबार मागे पडला. भजने मात्र मराठी चर्चमध्ये आजही घुमतात. प्रश्नही तिथेच आहे.