शब्दांना घर देणारा बेघर माणूस

घरात लहान मूल असलं की भिंतीवर एक तक्ता येतोच. फळांचा, भाज्यांचा, नाहीतर वाहनांचा. चित्राखाली मराठी नाव, त्याखाली इंग्रजी. मूल जरा मोठं झालं की स्वयंपाकघरातले शब्द, बाजारात बोलायची वाक्यं असलं एखादं पुस्तक हाती पडतं. इंग्रजी शिकण्याची ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे कुणाची तरी खटपट असेल हे मनातही येत नाही. ज्याच्या पुस्तकांनी ती युरोपभर रूढ केली, तो इंग्रज नव्हता. तो होता चेक धर्मोपदेशक यान आमोस कोमेन्स्की. जग त्याला कोमेनियस म्हणतं.

त्याचा जन्म २८ मार्च १५९२ चा, मोराव्हियातला. लहानपणीच आईवडील गेले. लॅटिन शाळेत पाऊल टाकलं ते थेट सोळाव्या वर्षी. आपल्याकडे आज इंग्रजीचा जो मान आहे तो तिकडे तेव्हा लॅटिनचा. पण शिकवण्याची पद्धत म्हणजे नियम घोका, रूपं घोका, चुकलात तर छडी खा. वयानं मोठा असल्यामुळे या मुलाला शिकता शिकता शिकवण्यातला दोषही दिसत होता.

१६२० च्या लढाईत बोहेमियातल्या प्रोटेस्टंटांचा पराभव झाला आणि कोमेन्स्कीला लपून राहावं लागलं. १६२२ च्या सुमारास प्लेगनं बायको आणि दोन मुलं नेली. १६२८ मध्ये त्यानं पोलंडमधल्या लेश्नो गावी आसरा घेतला. मायभूमी सुटली ती कायमची.

तिथे शाळेत शिकवताना १६३१ मध्ये त्याचं भाषेचं दार उघडणारं पुस्तक निघालं. नाव आणि मूळ कल्पना एका आयरिश जेझुइटाची, पण त्या पुस्तकात शब्द कसेही विखुरलेले होते. कोमेन्स्कीनं ते विषयवार लावले. शंभर प्रकरणं, हजार वाक्यं, सुमारे आठ हजार शब्द. सुटा शब्द द्यायचाच नाही. तो वाक्यात, आपल्या गोतावळ्यात बसलेला द्यायचा. त्याच वर्षी लंडनमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच जोडून त्याची आवृत्ती निघाली.

बँकेतल्या नोकरीत मी नवी पोरं पाहिली आहेत. प्रशिक्षणात पाठ केलेले डेबिट-क्रेडिट आठवड्यात विसरतात. हातात व्हाउचर आणि समोर खातेदार आला, की तेच शब्द जन्मभराचे होतात. कोमेन्स्कीचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं.

१६४१ मध्ये तो बोलावण्यावरून लंडनला गेला. सर्व ज्ञानाचं एक विद्यापीठ काढायची मोठी स्वप्नं होती. तिथे यादवी युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि पुढच्याच वर्षी त्यानं गाशा गुंडाळला. मग स्वीडनच्या आश्रयानं काही वर्षं, मग हंगेरीतलं शारोशपताक. तिथे त्यानं चित्रमय पुस्तक लिहायला घेतलं.

त्यानंतरचा घाव मात्र जिव्हारी लागणारा होता. १६५६ मध्ये स्वीडन-पोलंड युद्धात लेश्नो जाळलं गेलं. कोमेन्स्कीनं स्वीडनच्या राजाची स्तुती लिहून पोलिश लोकांचा रोष ओढवून घेतला होता. शहाण्या माणसानं राजकारणात किती भोळं असावं, असं वाटतंच. घर गेलं, ग्रंथसंग्रह गेला. आणि १६१२ पासून शब्द शब्द वेचून उभा केलेला चेक भाषेचा कोशही गेला. चव्वेचाळीस वर्षांचं काम! वय चौसष्ट. मी कादंबऱ्या लिहितो. चार पानं हरवली तरी माझा महिना वाया जातो.

ॲमस्टरडॅमला आश्रय मिळाला आणि १६५८ मध्ये न्यूरेंबर्गहून ते चित्रमय पुस्तक निघालं. दीडशे विषय, देव, आकाश, अग्नीपासून शिंपी, चांभार, मासेमारीपर्यंत. प्रत्येकाला एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि तेच आकडे खालच्या वाक्यांत. बेकरीचं चित्र घ्या. भटारी पीठ चाळतो, पाणी घालून मळतो, पाव घडवतो, निखारे ओढून घेतो आणि लांब दांड्याच्या फळीवरून पाव भट्टीत सारतो. मुलाला चाळण, पीठ, भट्टी हे शब्द एका दमात मिळतात, कारण ते एका कामातले सोबती आहेत. अक्षरं शिकवायलाही त्यानं प्राण्यांचे आवाज घेतले: कावळ्याचा एक स्वर, कोकराचा दुसरा. कुठल्याही घरात आजी नातवाला असंच शिकवते.

दुसऱ्याच वर्षी, १६५९ मध्ये, लंडनच्या चार्ल्स हूल नावाच्या शिक्षकानं लॅटिनशेजारी इंग्रजीचा रकाना घातला. पिढ्यान् पिढ्या मुलं या पुस्तकावर वाढली. नव्वद वर्षांनी जन्मलेल्या गटेच्या बालपणीही ते होतं.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी कोमेन्स्की वारला. त्याला ॲमस्टरडॅमजवळच्या नार्डेनमध्ये पुरलं.

जुन्या सवयीनं मला परदेशी नोटा न्याहाळायची खोड आहे. चेक प्रजासत्ताकाच्या दोनशे कोरुनांच्या नोटेवर दाढीवाला कोमेन्स्की आहे. नोट उलटली की दोन हात दिसतात, एक मोठ्या माणसाचा आणि एक लहान मुलाचा.