रंगातले मौन : वासुदेव गायतोंडे

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ ला जे. जे.ची पदविका घेतली. पुढे झेन बौद्ध विचार त्यांच्या मनात मुरला. चित्रातली माणसं गेली, रंग तेवढा राहिला. रोलरने थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. १९७१ ला पद्मश्री मिळाली, तरी ते प्रसिद्धीपासून लांबच राहिले. २००१ साली गेले.

गिरणीच्या रंगखात्यात आम्ही तागेच्या तागे रंगवले. आमच्या लेखी रंग म्हणजे माल. दुःख दाखवायला रडका चेहरा लागत नाही, एक रंगही पुरतो, हे गायतोंड्यांनी दाखवलं. मानपाड्याच्या पोरांनी ही चित्रं जरूर बघावीत. समोर घटकाभर गप्प बसावं.